कोरडा कूलर

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार. सकाळी ६.५०

रात्रीची झोप: शून्य.

आजपासून नोंद ठेवायची. मी ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक आहे. निरीक्षण लिहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका, असं पोरांना बावीस वर्षं बजावतो आहे आणि स्वतःच्या झोपेबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. हा अप्रामाणिकपणा झाला.

परिस्थिती अशी. शकुनची, म्हणजे माझ्या बायकोची, बँकेने जूनमध्ये अकोल्याला बदली केली. ती तिथे खोली घेऊन राहते. खुशी अकरावीला, म्हणून ती अमरावतीला माझ्याजवळ. दुसरा आणि चौथा शनिवार धरून शकुन येते. एरवी रात्री घर शांत. शांततेत मला झोप येत नाही, म्हणून कूलर चालू ठेवतो. पाणी टाकत नाही, वाळ्याच्या ताट्या काढून ठेवल्या आहेत, तोंड खिडकीबाहेर वळवलं आहे. नुसता आवाज. डिसेंबरात कूलर म्हटलं की लोक हसतात. हेच लोक एप्रिल-मे कूलरच्या आवाजात झोपून काढतात, तेव्हा कोणाला हसू येत नाही.

महत्त्वाचं. शकुनचा काल फोन होता. बँकेचा बदलीचा अर्ज निघाला आहे. पसंतीची तीन ठिकाणं क्रमाने द्यायची, मुदत ३१ जानेवारी. मी म्हटलं, त्यात विचार कसला, पहिलं अमरावती. ती म्हणाली, "पाहू." म्हणजे नक्की.

ती यायच्या आत या खोलीतला आवाज शास्त्रशुद्ध करायचा. तिलाही इथे झोप येत नसे. एकोणीस वर्षं सकाळी डोळे लाल. स्वभावच काळजीचा.

१५ डिसेंबर, रविवार. दुपारी

शकुन येऊन गेली. शुक्रवारी रात्री आली, आज सकाळच्या गाडीने गेली. दोन्ही रात्री हॉलमध्ये खुशीजवळ झोपली. मायलेकींना बोलायचं असतं, मी आग्रह केला नाही. बडनेऱ्याला गाडीत बसवताना म्हणाली, "नाकाच्या डॉक्टरले दाखवा. सात वर्षांपासून सांगून राह्यली." मी म्हटलं, दाखवतो, आधी पोरांच्या प्रॅक्टिकल परीक्षा होऊ दे. तिने मान हलवली. पटलं असावं.

अर्जाचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही. ठरलेल्या गोष्टीवर चर्चा कशाला.

झोप दोन्ही रात्री: शून्य.

१७ डिसेंबर, मंगळवार

वर ओमप्रकाशजी राहतात. संत्र्याचे व्यापारी आहेत, पहाटे चारला उठून शेंदूरजनाघाटला निघतात. आज जिन्यात अडवलं. म्हणाले, "देवानंदभाऊ, तुमच्या खोलीत रात्री काय चालते बाप्पा? माझी सारी खाट थरथरते." आवाज कसा येतो ते मी नीट विचारून घेतलं. आधी घर्र, मग मध्येच अडकतो, मग बारीक शिट्टी, मग पुन्हा घर्र. लक्षणं उघड आहेत. बेअरिंग.

संध्याकाळी कूलरवाल्या मोतीरामला बोलावलं. त्याने दारातूनच विचारलं, "डिसेंबरमंदी कूलर? भाऊ, तब्येत बरी हाय ना?" पंखा बोटाने फिरवून पाहिला. "याच्यात काई खोट नाही. लोण्यावानी फिरून राह्यला." मी त्याला घर्र, अडकणं आणि शिट्टी सांगितली. त्याने पान्हा खाली ठेवला आणि विचारलं, "अडकते, मंग शिट्टी मारते?" होय म्हटलं. "मंग तो कूलर नाही, भाऊ. माहा सासरा असाच हाय."

सासऱ्याचा इथे काय संबंध ते कळलं नाही. ग्रीस लावून घेतलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

ग्रीसने फरक नाही. ओमप्रकाशजी सकाळी जिन्यात नुसते पाहून गेले.

संशोधन. जगात लोक पावसाच्या आवाजात झोपतात. मोबाईलवर ॲप मिळालं: पाऊस, धबधबा, समुद्र, विमान, रिकामा रेडिओ. समुद्राने आपल्याकडे कोणाला झोप यायची. पाऊस निवडला. काल रात्री साडेनऊला खुशीच्या स्पीकरवर लावून पाहिला. टिनावर पडणारा, जोरदार, अगदी खरा.

तेवढ्यात नांदगाव खंडेश्वरहून देवरावदादाचा फोन. माझा थोरला भाऊ. शेती तो पाहतो. फोन उचलला तर तो दोन सेकंद गप्पच. मग ओरडला, "अबे देवा, पाणी येऊन राह्यलं का तिकडे?" मी सांगणार की हे मोबाईलमधलं आहे, तोवर, "माही तूर खळ्यात पडून हाय ना बावा!" आणि फोन बंद. नंतर मी सहा वेळा लावला, उचललाच नाही.

आज सकाळी त्याचा फोन आला. चार माणसं झोपेतून उठवली, शेजाऱ्याची ताडपत्री मागून आणली, एक वाजेपर्यंत सगळी तूर झाकली. मग त्याच तुरीवर बसून पावसाची वाट पाहिली. "एक ढग नाही वर. चांदण्या मोजल्या आमी पाच जणांनी. तू शिकेल माणूस, तुले झोपाले पाणी कायले लागते?" आणखीही बोलला. ते लिहीत नाही.

चूक माझीच. आपल्या भागात तूर निघायच्या दिवसांत पाऊस लावून बसणं हा बेजबाबदारपणा आहे.

शकुनला फोनवर सांगितलं तर हसली. बराच वेळ हसली. गेल्या वर्षभरात असं हसणं ऐकलं नव्हतं. चांगलं लक्षण.

झोप: शून्य.

२४ डिसेंबर, मंगळवार. सकाळी

विचित्र प्रकार. रात्री दोनला म्हणे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. खुशी सांगते, बॉम्बसारखा आवाज झाला, सगळी गल्ली बाहेर आली, वायरमन येईपर्यंत दीड तास लाईट नव्हती. मी रात्रभर टक्क जागा होतो. मला काहीच ऐकू आलं नाही. ट्रान्सफॉर्मर लहान असावा.

ओमप्रकाशजींचं म्हणणं असं की लाईट नसतानाही खालचा आवाज चालू होता. "कूलर बॅटरीवर टाकला का?" असं विचारत होते. माणूस वाईट नाही, पण झोप कमी झाली की भास होतात. मला त्यांची दया आली.

२८ डिसेंबर, चौथा शनिवार

शकुन आली नाही. वर्षअखेरीचं काम. फोनवर विचारलं, तिथे झोप तरी लागते का? ती म्हणाली, "इथे? आडवी झाली का सकाळच होते. बाजूले दालमिल हाय, रात्रपाळी राह्यते, भिंत हालते, तरी."

दालमिल!

एकोणीस वर्षं या बाईला झोप नव्हती. अकोल्याला गेली आणि झोपली. तिथे काय आहे जे इथे नाही? एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा, असं आपण शिकवतो. इथे बदललेली गोष्ट एकच: दालमिल.

इतकं सोपं उत्तर सहा महिने सुचलं नाही, याची लाज वाटते.

४ जानेवारी २०२५, शनिवार

नववर्षाचा संकल्प केला नाही. तीन केले होते, तिन्ही मोडले, म्हणून लिहीत नाही.

आज खुशीने जेवताना स्पष्ट सांगितलं, "बाबा, राग मानू नका, तुम्ही घोरता. भयंकर घोरता." एवढं बोलून वरण वाढून घेतलं. मी रागावलो नाही. शास्त्रात कोणतीही शक्यता उडवून लावायची नसते. मी तिला एवढंच विचारलं की रात्रभर जागा असलेला माणूस घोरेल कसा. ती म्हणाली, "तेच तर." पोरीला तर्कशास्त्र शिकवलं पाहिजे.

तरी मनाला चुटपुट लागली. तपासून पाहायचं.

६ जानेवारी, सोमवार

तपासलं. काल रात्री कूलर बंद ठेवला, शांततेची पातळी मोजायची म्हणून, आणि उशाशी मोबाईल रेकॉर्डिंगवर ठेवला. सहा तास बावीस मिनिटं. आज लॅबमध्ये, पोरं गेल्यावर, हेडफोन लावून ऐकलं.

कूलर बंद, तरी आवाज आहे! जड यंत्राचा. चालतं, अडकतं, पंधरा-वीस सेकंद पूर्ण बंद, मग एकदम झटका देऊन सुरू होतं. त्या वीस सेकंदांत मलाच श्वास कोंडल्यासारखं झालं. क्षणभर एक विचार मनात आला. मग लक्षात आलं की पाण्याची मोटर हवा ओढू लागली की असंच होतं.

संध्याकाळी वर जाऊन ओमप्रकाशजींना नम्रपणे सांगितलं की तुमची मोटर दुरुस्त करा. ते म्हणाले, "भाऊ, वरती मोटरच नाही." त्यांच्या पत्नी आत जाऊन पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

मग कोणाची? चौकशी करायची. वेळ मिळाला की.

११ जानेवारी, दुसरा शनिवार

शकुन आली नाही. संक्रांतीला तुम्हीच या म्हणाली. बोलावलं म्हणजे किती झालं. मंगळवार-बुधवार रजा टाकली. खुशीची टेस्ट सिरीज आहे, ती येत नाही. ओमप्रकाशजींकडे जेवेल.

१४ जानेवारी, मंगळवार. अकोला. रात्री ९

खोली छोटी पण टापटीप. एक कॉट, एक शेगडी, खिडकीत तुळशीचा डबा. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर ३१ तारखेला गोल. मला भरून आलं.

मालकीण दुर्गाबाई, सत्तरीच्या, मळ्यातली भाजी बाजारात विकून आयुष्य काढलेल्या, तोंडाने फटकळ. मला पाहिल्यावर म्हणाल्या, "या जवाई. तुमचं लय ऐकलं." शकुनने त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याबद्दल ती कौतुकाने बोलत असावी.

दालमिल अगदी पलीकडे, मध्ये एकच भिंत. दुपारी अडीच ते पावणेतीन आवाज रेकॉर्ड केला. अप्रतिम. खालचा सूर सलग, वर चाळण्यांचा ठेका. कूलर याच्यापुढे पोरकट. मी भिंतीला मोबाईल लावून उभा होतो तेव्हा दुर्गाबाई शकुनला विचारत होत्या, "काय करून राह्यले वो हे?" शकुन म्हणाली, "करू द्या."

संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला आल्या. आता त्या गेल्या. शकुन दुर्गाबाईंकडे भांडी आवरायला गेली आहे, तिथेच झोपते म्हणाली, उशीर होईल. कॉट एकाचीच आहे, तेही खरं.

१५ जानेवारी, बुधवार. परतीच्या बसमध्ये

झोपलो! नऊ-साडेनऊला पडलो तो सकाळी सात. पहिल्यांदा 'शून्य' लिहावं लागत नाही. दालमिलचा विजय.

सकाळी अंगणात दुर्गाबाई दात घासत होत्या. डोळे लाल. शकुनचेही लाल. रात्रीच्या तीळ भाजण्याचा धूर असावा. दुर्गाबाई म्हणाल्या, "जवाई, रातच्याले कायचा आवाज व्हता?" मी म्हटलं, मिलचा. त्या म्हणाल्या, "मिल कालच सांजीले बंद झाली. पोरं गावाले गेले. आज संक्रांतीची कर हाय, करीले कोण मशीन लावते?"

शकुन कपात साखर ढवळत होती. बराच वेळ ढवळत होती.

बसमध्ये यावर विचार केला. मिल बंद होती, तरी मी झोपलो. म्हणजे दुपारी ऐकलेल्या आवाजाचा परिणाम रात्रीपर्यंत टिकला. आवाज हवाच असं नाही, तो कानात उरला तरी पुरतो. हे मी कुठे वाचलेलं नाही. बहुधा नवीन आहे.

निघताना शकुनला विचारलं, अर्ज भरला का? म्हणाली, "अजून पंधरा दिवस हायेत." मी म्हटलं, सावकाश भर, स्पेलिंग नीट बघ.

१८ जानेवारी, शनिवार

मिल अमरावतीत सुरू. पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग, संपलं की पुन्हा पहिल्यापासून, खुशीच्या स्पीकरवर. खुशी पुस्तकं घेऊन स्वयंपाकघरात झोपायला गेली. फ्रिजजवळ बरं वाटतं म्हणे. तिचाही कल आवाजाकडेच आहे.

झोप: शून्य. पण शून्याची प्रत सुधारली आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

उद्या शकुन येते. खोली तयार. नवीन चादर. कूलर काढून टाकला. तिला त्याचा राग होता, हे मी मान्य करतो. स्पीकर तिच्या बाजूला, उशीपासून दोन फुटांवर. मिल म्हणून सांगायचं नाही, आधी झोपू द्यायचं. सकाळी उठली की सांगायचं. मग अर्ज, पहिलं अमरावती, आणि जूनपर्यंत सगळं पूर्वीसारखं.

डॉक्टरचं राहिलं. परीक्षा जवळ आल्या. मार्चनंतर नक्की.

२५ जानेवारी, शनिवार. दुपारी ३

गेली. उद्या सकाळी बँकेत झेंडावंदन आहे. झेंडावंदन टाळणं बरं नव्हे.

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो. रात्री दहाला ती खोलीत आली, पडली. मी मिल सुरू केली. ती उठून बसली. "हे काय हाय?" मी म्हटलं, तुझी दालमिल. तिने स्पीकरकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमी माह्यासाठी मिल आणली." मी होय म्हटलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी. मग मला आठवतं ते सकाळचंच. मी तर रात्रभर जागा होतो, पण मधलं नेमकं आठवत नाही. सकाळी सहाला ती हॉलमध्ये खुर्चीवर बसली होती, शाल गुंडाळून, बॅग भरलेली.

मी चहा केला. तिने सांगितलं ते असं. "मी तिथे मिलमुळे नाही झोपत. मिल असूनही झोपते. समजलं का तुमाले?" मी समजलं म्हटलं. ती म्हणाली, "नाही समजलं. तुमचा राग नाही मले. तुमी माणूस चांगले हा. पण एकोणीस वर्षं म्या तुमचा श्वास मोजला. बंद पडला का हात लावून पाह्यचं, चालू झाला का छत पाह्यचं. डॉक्टरले दाखवा म्हटलं त तुमी कूलर दुरुस्त करता. मी त्रेचाळीसची झाली. मले झोपायचं हाय, बस."

मी म्हटलं, मार्चनंतर नक्की दाखवतो. ती म्हणाली, "बरं." आवाज चढवला नाही. चहा पूर्ण प्याली.

तिला प्रवासाचा शीण होता. 'मिलमुळे' आणि 'मिल असूनही' यात फरक काय, याचा दुपारपासून विचार करतो आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

विचार चालू. तीन दिवस बाकी. रात्री काहीच लावत नाही. झोप: शून्य. ओमप्रकाशजींनी खाट गच्चीवरच्या खोलीत हलवली.

नाकाच्या डॉक्टरचा नंबर खुशीकडून घेतला. फोन केला नाही, जेवणाची वेळ होती.

३१ जानेवारी, शुक्रवार. दुपारी २.४०

२.१० ला शकुनचा फोन. लॅबमध्येच होतो. "तुमच्या मोबाईलवर ओटीपी आला का पाहा." अर्जाचा. बँकेत लागली तेव्हा घरात मोबाईल एकच होता, तिथे माझाच नंबर अजून आहे. आला होता. पण त्याखाली लिहिलं होतं, हा क्रमांक कोणालाही सांगू नये. मी तिला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कोणालाही म्हणजे मले नाही वो. सांगा ना, साईट बंद पडून राह्यली." बरोबर होतं तिचं. मी एकेक आकडा सुटा सांगितला, तिच्याकडून परत म्हणून घेतला, सहाचे सहा. ती म्हणाली, "झालं." मग म्हणाली, "जेवले का?" मी होय म्हटलं.

छान वाटलं. अर्ज माझ्या हातून गेला असं वाटलं. पोरांना पाच मिनिटं आधी सोडलं.

२.२१ ला मेसेज. आपली विनंती नोंदवली आहे. पसंती एक, अकोला, आहे त्याच शाखेत तीन वर्षं मुदतवाढ. पसंती दोन, अकोला, दुसरी शाखा. पसंती तीन, वाशिम.

आधी वाटलं दुसऱ्या कोणाचा मेसेज चुकून आला. नाव वाचलं. एम्प्लॉयी नंबर वाचला. तो मला पाठ आहे.

तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या. अमरावती लिहायचं राहून गेलं असेल म्हणावं, तर रिकामी ओळच नव्हती.

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी

झोप: शून्य.

साडेअकराला घड्याळ पाहिलं. एकला नळाच्या टाकीत पाणी पडत होतं, ते ऐकलं. पावणेतीनला दोन कुत्री भांडली, त्यातलं एक लंगडत पळालं. साडेतीनला वर कोणीतरी पाणी प्यायला उठलं. चारला ओमप्रकाशजींची गाडी तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. सव्वापाचला दूधवाला. इतके आवाज या घरात रात्री असतात, हे मला माहीत नव्हतं.

सहाला खुशी स्वयंपाकघरातून आली. केस मोकळे, चेहरा ताजा, लहानपणी असायचा तसा. मला चहा दिला आणि समोर बसली.

म्हणाली, "बाबा, काल काय मस्त झोप लागली."

का, ते मी विचारलं नाही.